सोनाजीच्या पत्त्या

या वहीत आतापर्यंत मी बरंच लिहिलं. पोहायला शिकलो ती विहीर झाली, मॅट्रिकला गणितात दोनदा गेलो ते झालं, रिसोडच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो तेही झालं. सोनाजीचं प्रकरण मात्र मी तीनदा सुरू केलं आणि तीनही वेळा दुसऱ्याच कुठल्या आठवणीकडे वळलो. बायको होती तोवर तिलाही सांगितलं नाही. पन्नास वर्षांच्या वर काळ गेला, ज्यांच्यापुढे लाज वाटावी अशी माणसं उरली नाहीत, तरी हात अडतो. आता डोळ्याचं ऑपरेशन तोंडावर आलंय. त्यानंतर लिहिता येईल न येईल म्हणून नव्हे, पण एवढं एक राहिलं तर बाकीची पानं खोटी ठरतील असं वाटतं.

निमित्त नातवाचं झालं. गेल्या महिन्यात त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "आबा, हे तुमचं गाव आहे का? खाली मंगरूळपीर तालुका लिहिलंय." काळीपांढरी जुनी फिल्म होती. सरकारी खात्याने त्या काळी लोककलावंतांवर काढलेल्या छोट्या माहितीपटांपैकी एक, कोणीतरी आता इंटरनेटवर टाकलेली. पडद्यावर आमचं अंगण दिसलं. कडुनिंबाखाली बसलेला सोनाजी दिसला, फुगलेले गाल, मिटलेले डोळे. त्याच्या डाव्या हाताला चौकटीत अर्धाच आलेला एक खांदा दिसतो, तो माझा. सनई सुंदर वाजते आहे, आणि ती सोनाजीची नाही. मग निवेदकाचा तो भारदस्त आवाज येतो: हा गुणी कलावंत पुढे व्यसनाच्या आहारी गेला. नातू म्हणाला, "अरेरे." मी चष्मा पुसत बसलो.

हे खोटं आहे, आणि ते मी घडवलं. कसं ते सांगतो.

आमच्या घरी गावची पाटीलकी होती, आणि सोनाजी आमचा सालदार होता. अक्षय तृतीयेला साल धरायचा आणि वर्षभर आमच्या वावरात राबायचा. मांगवाड्यात गावाच्या खालच्या अंगाला त्याचं दोन खणांचं घर होतं. सकाळी तो यायचा तेव्हा माय चुलीपुढे असायची. आमच्या घरात दिवसाची सुरुवात भाकरी थापण्याच्या आवाजाने व्हायची. मग बाबांचा खोकला, मग गोठ्यात बैल उठल्याच्या घंटा. माय ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी ओट्याच्या कडेवर ठेवायची आणि दोन पावलं मागे सरायची. मग सोनाजी पुढे येऊन ती उचलायचा. रोजचंच होतं. मला त्यात काही दिसत नव्हतं, आणि हेही मला इथे लिहून ठेवलं पाहिजे. मी त्याला "ए सोनाजी" म्हणायचो, तो माझ्या बापाच्या वयाचा होता. तो मला "वसंताभाऊ, तुमी" म्हणायचा.

लग्नसराईत मात्र हाच सोनाजी वाजंत्री असायचा. मानोऱ्यापासून मंगरुळापर्यंतच्या गावांतून त्याला बोलावणं यायचं. त्याचा भाऊ शेजारी बसून सूर धरायचा. सूर धरणं म्हणजे दुसऱ्या सनईवर एकच स्वर, मध्ये कुठेही न तोडता, तास न् तास लावून ठेवणं. वाजवणारा त्या स्वराच्या अंगणात खेळतो. एका पावसाळ्यानंतर हा भाऊ वीटभट्टीवर गेला तो परत आला नाही. सोनाजीला सुराला माणूस राहिला नाही. मी तेव्हा सतरा वर्षांचा, गणितात नापास होऊन घरी बसलेला. वावरातल्या विहिरीवर दुपारी तो एकटाच सनई लावून बसायचा आणि मी आंब्याखाली पडून ऐकायचो. एक दिवस मी आपला तोच स्वर तोंडाने, नाकातून, गुणगुणत धरला. तो वाजवत राहिला. थांबला तेव्हा म्हणाला, "भाऊ, तुमच्या नाकात सूर हाये. फुकून पाहता काय?"

"मले येईन काय?"

"येईन. पन इथी मी भाऊ म्हननार नाई अन् तू सोनाजी म्हनाचं नाई. शिकाचं असन त वस्ताद म्हन, नाईतं बैलं सोड अन् घरी जाय."

मी वस्ताद म्हटलं. विहिरीपासून गावात शिरणाऱ्या पांदीच्या वाटेपर्यंत तो वस्ताद असायचा आणि मी "लेका, तू". पांदीला लागलो की दोघंही न बोलता आपापल्या जुन्या नावांवर यायचो.

आधी त्याने मला सनईला हातच लावू दिला नाही. पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो. तो तोडून आणला, एक टोक माझ्या तोंडात आणि दुसरं पाण्याने भरलेल्या लोट्यात. "बुडबुडे तुटू देऊ नको," एवढंच सांगितलं. गालात वारा साठवायचा, तो गालाने ढकलत असतानाच नाकाने आत घ्यायचा. पहिले पंधरा दिवस माझ्या नाकातून पाणी निघालं. तो बाजूला तुरीच्या शेंगा भाजत बसायचा आणि हसायचा. "पाय रे, म्हैस पानी पिऊन राह्यली." महिन्याभराने लोट्यातले बुडबुडे शेंगा भाजून होईपर्यंत टिकायला लागले. तेव्हा त्याने सोललेले दाणे माझ्या तळहातावर ठेवले. मी ते खाल्ले. विहिरीवर मी त्याच्या हातचं खात होतो, घरी कळू देत नव्हतो.

सनईचं सगळं गुपित पत्तीत. लाकूड काय, कोणताही सुतार कातून देतो. तोंडात धरायची ती चिमुकली दुहेरी पत्ती ताडाच्या पानाची, आणि ती बाजारात मिळत नाही. मंगरूळच्या दर्ग्याच्या उरसाला एक फकीर सोनाजीसाठी वाळली पानं घेऊन यायचा. सोनाजी ती कापून, भिजवून, दोऱ्याने बांधायचा, तुपाचा हात लावायचा. पण एवढ्याने ती बोलत नसे. मग तो तिला गालात ठेवायचा. दोन दोन, तीन तीन दिवस. वखर हाकताना, निंदताना, विडी न ओढता, गालात पत्ती धरून असायचा. कोणी हाक मारली तर हुंकार द्यायचा. "कोरी पत्ती आंधळी असते," तो म्हणायचा. "तोंडाच्या ओलाव्यात ते हळूहळू डोळे उघडते." माझ्या सुराच्या पत्त्याही त्यानेच अशा मुरवल्या. त्याच्या तोंडातून काढून, धोतराच्या सोग्याला पुसून माझ्या हातात द्यायचा आणि मी त्या तोंडात घालायचो. दीड वर्षं. कधीही मनात काही आलं नाही. निदान मला तसं वाटत होतं.

तो चाली कशा बांधायचा हे त्या फिल्ममध्ये नाही. मी पाहिलेलं सांगतो. लग्नातल्या बाकीच्या चाली ठरलेल्या असत. बोळवणीची चाल मात्र तो दर घरी नवी करायचा. हळदीच्या दिवशीच जाऊन मांडवाच्या कडेला बसायचा, वाजवायचा नाही. नवरीची माय दिवसभरात पोरीला किती तरी हाका मारते. अवं इकडं ये, अवं जेवली काय, अवं पदर सांभाळ. प्रत्येक मायची हाक वेगळी. कोणी नाव वर नेऊन सोडते, कोणी शेवटचं अक्षर ओढते, कोणी रागाने सुरुवात करते आणि मधेच मऊ होते. सोनाजी तेवढंच ऐकायचा. दुसऱ्या दिवशी पोरगी बैलगाडीत बसली की सनईतून तिच्या मायची हाक निघायची, शब्द नसलेली. माझ्या बहिणीच्या बोळवणीला मी पहिल्यांदा जाहीरपणे सूर धरला होता. माय तिला "सुमे" म्हणताना दुसऱ्या अक्षराला थोडी अडखळायची, ते आम्हाला घरात कधी जाणवलंच नव्हतं. सनईने ते अडखळणं वाजवलं आणि माय मटकन खाली बसली. बाबा कडब्याच्या गंजीमागे गेले आणि बराच वेळ आले नाहीत. त्या दिवशी मी वाजंत्र्यात बसलो म्हणून भावकीत कुजबुज झाली, पण बाबाच रडले होते, त्यामुळे कोणी उघड बोललं नाही.

सोनाजीला एकच मुलगी होती, रुखमा. दहा वर्षांची असताना कावीळ होऊन गेली. त्याआधी तो दारू प्यायचा, लग्नात मिळायचीच. रुखमा गेली त्या दिवशी तो दारू पिऊन दुसऱ्या गावी पडला होता, घरी आला तेव्हा माती देऊन झाली होती. तेव्हापासून त्याने थेंब घेतला नाही. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. म्हणजे ठाऊक असायला हवं होतं. त्याची बायको, गिरजाकाकू, संध्याकाळी रुखमाला घरी बोलावायची त्या हाकेची एक चाल त्याने करून ठेवली होती. विहिरीवर माझ्यापुढे तो ती तुकड्या-तुकड्यांनी वाजवायचा, पूर्ण कधीच नाही. मी विचारलं, "वस्ताद, हे लग्नात काहून नाई वाजवत?" तर म्हणाला, "हे कोनाच्या लग्नातली नाई. तिचं लगन झालं कुठी?"

मग ते फिल्मवाले आले. जीप आली तेव्हा गावाला वाटलं कुटुंबनियोजनवाले, आणि अर्धे बाप्ये वावराकडे पसार झाले. त्यांचे साहेब बारीक अंगाचे, जाड चष्म्याचे, सभ्य गृहस्थ होते. कोण्या मास्तराने त्यांना सोनाजीची बोळवण ऐकायला सांगितलं होतं. दोन दिवस ते सोनाजीच्या मागे वावरात फिरले. तो डवरा हाकतोय, पत्ती बांधतोय, गिरजाकाकूच्या हातची भाकर खातोय, असं सगळं त्यांनी चित्रित केलं. आवाजाचं यंत्र ते शेवटच्या दिवशी लावणार होते.

"तुम्हाला चाल सुचते कशी?" त्यांनी विचारलं.

"सुचत नाई जी, आयकू येते. मायबाया बोलतात, मी चोरतो."

साहेब खूश झाले. पारावरच्या एकाने टोला हाणला, "सोनाजी, आता तू शिनेमात जाशीन, मंग पाटलाच्या गोठ्यातलं शेन कोन काढन?"

"तुमीच काढजा दादा. मी पडद्यावरून पाहीन, नीट काढता का नाई ते."

सगळे हसले, तो टोला मारणाराही. त्या दोन दिवसांत सोनाजी मी कधी पाहिला नव्हता तसा मोकळा होता. साहेबांनी सांगितलं होतं की हे चित्र नागपूर-मुंबईला दाखवतील, रेडिओवर बोलावणं येईल. पण त्याला त्याचं फारसं नव्हतं. तो मला विहिरीवर म्हणाला, "वसंता, त्या डब्यात आवाज गेला का मंग तो मरत नाई, असं साहेब म्हनते. मी रुखमाची हाक देतो त्याले. पुरी वाजवतो. गिरजालेही आयकू दे एकदा." गिरजाकाकूने तोवर ती चाल कधी ऐकलीच नव्हती.

चित्रीकरण आमच्या अंगणात ठरलं, कडुनिंबाची सावली आणि मागे मोकळी जागा म्हणून. बाबांनी अंगण सारवून घेतलं, नवं धोतर काढलं. आदल्या संध्याकाळी साहेब सहज बोलून गेले की सूर धरणारा मुलगाही कॅमेऱ्यात येईल, वाजवताना तोंड, हात, पत्ती, सगळं जवळून घेऊ. ते गेल्यावर बाबा म्हणाले, "म्हंजे साऱ्या मुलखाले दिसन." एवढंच. मग जेवायला बसलो. माय वाढता वाढता हळू आवाजात म्हणाली, "पोरा, त्या पत्त्या त्याच्या तोंडातल्या असतेत म्हनते, खरं हाये काय?" मी मान खाली घातली. ती म्हणाली, "सकाळी पान्यातून काढून घेजो बाप्पा. उद्या तुह्यं लगन कराचं हाये."

तिचं एवढंच म्हणणं होतं. पाण्यातून काढ. माझ्या मायला मी तेव्हापासून मनातल्या मनात बराच दोष दिला, म्हणून हे स्पष्ट लिहितो. तिने पाणी सांगितलं होतं.

सोनाजीने ठेवणीतल्या पत्त्यांची कापडी थैली आमच्या गोठ्यातल्या खुंटीला टांगून ठेवली होती. त्याच्या घरी उंदीर फार. त्या वेळी तिच्यात सात-आठ पत्त्या होत्या, सगळ्या मुरलेल्या, बोलक्या. पहाटे, माय पाणवठ्यावर गेलेली असताना, मी थैली उतरवली. माझ्या सुराच्या पत्त्या कोणत्या आणि त्याच्या कोणत्या, ते मला ओळखता आलं नाही. सगळ्या सारख्याच तपकिरी, सारख्याच ओशट. मी त्या पाण्यात टाकल्या, काढल्या. एक तोंडाजवळ नेली आणि दीड वर्षात पहिल्यांदा मला किळस आली. ती मायची नव्हती, बाबांची नव्हती, माझी होती. कुठे दडून बसली होती कोण जाणे. मी चुलीवर पातेल्यात पाणी तापत होतं त्यात धुण्याचा सोडा टाकला, मूठभर, आणि त्यात सगळ्या पत्त्या सोडल्या. पाणी पिवळं झालं तसं मला बरं वाटलं. ते ओतून दुसरं घेतलं, पुन्हा सोडा. मग उन्हात फडक्यावर वाळत घातल्या. पांढऱ्याफटक झाल्या होत्या. छान, स्वच्छ दिसत होत्या. त्यांचा जीव गेला हे मला समजलं नाही. समजायला हवं होतं, मला ते दीड वर्ष शिकवलं होतं. थैलीत भरून पुन्हा खुंटीला लावली.

दुपारचं ऊन कलल्यावर सगळे जमले. घराच्या पायरीवर बाया, कुंपणावर पोरं, मांगवाड्यातले लोक नेहमीप्रमाणे दूर, गोठ्याच्या बाजूला. त्यांच्यात गिरजाकाकू, डोक्यावरून नवा पदर. सोनाजीने थैलीतून पत्ती काढली, सनईला बसवली, ओठांत धरली आणि थांबला. जिभेने पुन्हा चाचपली. मग माझ्याकडे पाहिलं. फार तर एक श्वासभर. मग त्याने फुंकर मारली.

जे निघालं त्याला आवाज म्हणवत नाही. फाटक्या कापडातून वारा जावा तसं काहीसं, मग एक किरकिर. पोरं हसली. त्याने पत्ती बदलली. दुसरी दोऱ्याजवळ चिरली. तिसरीतून स्वर निघाला आणि चढता चढता मोडला. माझा सूर तर लागलाच नाही, मी नुसतेच गाल फुगवून बसलो होतो. चौथी त्याने बसवायला घेतली. साहेबांनी हात वर करून यंत्र थांबवलं. पायरीजवळून कोणीतरी ओरडलं, "आज सकाळीच झालेली दिसते बाप्पा सोनाजीची!" हशा पिकला. दुसरा म्हणाला, "शिनेमावाल्याईनं पाजली असन!"

सोनाजी सनई मांडीवर आडवी धरून बसून राहिला. साहेब माझ्याजवळ आले, खाली वाकले, हळूच विचारलं, "तू रोज असतोस याच्यासोबत. खरं सांग, याने घेतली आहे का?"

मला आठवतं, त्या क्षणी माझ्या डोक्यात फक्त पातेलं होतं. मी नाही म्हटलं तर साहेब विचारतील मग काय झालं, पत्त्या पाहतील, सोनाजी सांगेल, आणि साऱ्या गावापुढे निघेल की पाटलाच्या पोराने त्या सोड्यात का उकळल्या. मांगवाडा तिथेच उभा होता. मी मान हलवली. हो अशी.

साहेबांनी सुस्कारा सोडला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी सोनाजीच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, हरकत नाही, तुम्ही नुसते वाजवल्यासारखे बसा, आम्ही चित्र घेऊन ठेवतो. आणि सोनाजी बसला. मुकी सनई तोंडाला लावून, गाल फुगवून, बोटं चालवत. डोळे मिटून. आज त्या फिल्ममध्ये लोक जे पाहतात ते हे. वरचा आवाज मागाहून शहरात कोण्या दुसऱ्या चांगल्या वादकाचा भरलेला आहे. गिरजाकाकू तिथे उभी राहून नवऱ्याची हलणारी बोटं पाहत होती. त्या बोटांनी रुखमाची हाक वाजत होती की आणखी काही, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. मी शेजारी होतो, पण मी पाहत नव्हतो.

पुढचं थोडक्यात लिहितो, मला ते रेंगाळून लिहिता येत नाही. माझी मान साहेबांपुरती राहिली नाही. पाटलाच्या पोरानेच सांगितलं, म्हणून ती गावभर झाली. पोरीच्या मातीला नव्हता तो आता शिनेमात पिऊन बसला, असं बाया पाणवठ्यावर बोलल्या. त्या सराईत चार बोलावणी आली होती, तिघांनी मंगरूळचा बँड सांगितला. चौथ्याकडे तो गेला, तर मुलाकडच्यांनी आधी त्याचं तोंड हुंगून पाहिलं. तिथून तो न वाजवता परत आला. त्यानंतर त्याने सनई हातात घेतलेली मी पाहिली नाही. विहिरीवर मी जात नव्हतो, तोही मला बोलवत नव्हता. साल संपलं तसं त्याने पुढचं धरलं नाही आणि दोघं नवराबायको ऊसतोडीला निघून गेली. जाताना त्याने बाबांना रामराम केला. मी घरात होतो.

मला पुष्कळदा वाटतं, त्याने मला शिव्या दिल्या असत्या, एक थोबाडीत मारली असती, तर मी खरं बोललो असतो. पण हे म्हणणंही पळवाटच. तो मला मारू शकत नव्हता, आणि हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी मास्तर झालो, लग्न झालं. बऱ्याच वर्षांनी रिसोडच्या आठवडी बाजारात गिरजाकाकू दिसली. मिरच्यांच्या ढिगापुढे बसली होती, केस पिकलेले. मी ओळख दिली तर म्हणाली, "वळखलं नं. मास्तर झाला म्हने." मी वस्तादांचं विचारलं. मानोऱ्याकडे पुतण्यापाशी राहतो म्हणाली, दम लागतो. मी उगाच मिरच्या निवडत राहिलो. ती तराजूत टाकता टाकता, माझ्याकडे न पाहता बोलली, "त्याईले पहिल्या फुकीतच समजलं होतं. सोड्याची चव हाये म्हने."

मी विचारलं, "मंग काहून नाई सांगतलं कोनाले?"

"मीबी हेच भांडली. म्हनते, पोट्टं घाबरलं होतं. म्हनते, सांगून काय होईन, लोकं म्हनतीन धुतलं त बरंच केलं." तिने मिरच्या कागदात बांधल्या. "त्याले धुतल्याचं लय वाटलं नाई, वसंता. मान हलवल्याचं वाटलं. म्हनते, मी नाई पेलो हे त्याले ठावं होतं."

त्यानंतरही मला जायला दोन वर्षं लागली. तोवर गिरजाकाकू गेली. एका रविवारी मानोऱ्याची एसटी पकडली आणि उतरून पायी गेलो. वाटेभर वाक्य घोकत होतो, पोरांकडून पाढे घोकून घेतो तसं. वस्ताद, सोडा मी टाकला, मान मी हलवली, माझं चुकलं, मी गावात येऊन चारचौघांत हे सांगतो. चार तुकडे. कठीण काहीच नव्हतं.

पत्र्याच्या घरापुढे बाजेवर तो बसला होता, छातीचा नुसता पिंजरा राहिलेला. मला पाहून उठायला गेला. "या मास्तर. बसा. इकडं सावलीत बसा." मी बाजेच्या पायथ्याशी बसलो. त्याने पोरांची चौकशी केली. सुमी कशी आहे विचारलं. पाऊस, कापूस, मानोऱ्याचा रस्ता, सगळं झालं. पुतणसून पाणी देऊन गेली. बोलताना त्याला मध्ये मध्ये थांबून श्वास घ्यावा लागत होता, ज्या माणसाने मला श्वास न तोडता कसा घ्यायचा ते शिकवलं त्याला. मी प्रत्येक वेळी ठरवत होतो, आता हा श्वास घेऊन झाला की बोलायचं.

ऊन उतरायला लागलं. शेवटची एसटी पाचला होती. मी उठलो, पाया पडायला वाकलो, आणि त्याने माझं मनगट धरलं. पकड अजून घट्ट होती.

"मास्तर, एवढ्या दुरून आलात. नुसते बसाले नाई आलात तुमी. सांगाचं असन त सांगा. मी आयकून राह्यलो."

त्याने खरंच डोळे मिटून घेतले होते, मांडवाच्या कडेला बसून ऐकायचा तसे. घराच्या दारात सून उभी होती, अंगणात दोन पोरं खेळत होती. मी घसा साफ केला.

"काही नाही," मी म्हणालो. "तुमची तब्येत पाहाले आलो होतो."